चौदावं प्रकरण दिवसा वाचा

काकू, सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्याला राहते. वय 36, लग्न केलेलं नाही, एका पतसंस्थेत नोकरी. जूनपासून भावाची दोन मुलं माझ्याकडे आहेत. भाचा 11 वर्षांचा, भाची 7 वर्षांची. भाऊ-वहिनी दोघंही मस्कतला नोकरीला गेलेत. तिथे बस्तान बसलं की पुढच्या जूनमध्ये मुलांना नेतील. घर आमचं जुनं. खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि वर माडी. बाबा गेल्यापासून माडी बंदच असते.

मी इंग्रजीत बहिःस्थ एम.ए. करतेय. अभ्यासाला हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ आहे. दोन अनाथ मुलांना शिकवायला-सांभाळायला आलेल्या बाईला, म्हणजे गव्हर्नेसला, त्या घरातल्या मेलेल्या माणसांची भुतं दिसतात, अशी ती गोष्ट. मुलं झोपली की रात्री दहानंतर वाचायला बसायचे. तेरा प्रकरणं झाली आणि पुस्तक मिटलं ते मिटलंच. अंधार पडल्यावर मी माडीच्या जिन्याकडे बघत नाही, हे एक वेळ चालेल. पण परवा मुलं आतल्या खोलीत कुजबुजत होती आणि मी दाराबाहेर श्वास धरून ऐकत उभी राहिले. भाचा हल्ली फार शहाण्यासारखा वागतो आणि मला त्या शहाणपणाचीच धास्ती वाटते. दोन आठवड्यांपूर्वी त्याच्या डायरीत बाईंचा शेरा आला, ‘पालकांनी भेटावे.’ त्याने दाखवला नाही, दप्तर आवरताना मीच पाहिला. मी शाळेत गेले नाही, भावाला कळवलं नाही, त्यालाही काही विचारलं नाही. जाताना भाऊ म्हणाला होता, ‘बारीकसारीक गोष्टींसाठी फोन करू नकोस, तू बघून घे.’

पुस्तक सोडून देऊ का? पण परीक्षेला आहे. त्यातली भुतं खरी की त्या बाईच्या डोक्यातली? गाइडमध्ये दोन्ही लिहिलंय. आणि मला काही झालंय का?

– एक आत्या


प्रिय आत्या,

तुम्हाला काहीही झालेलं नाही. रात्री दहानंतर, जुन्या घरात, शेजारच्या खोलीत दोन मुलं झोपलेली असताना ही गोष्ट एकटीने वाचली तर ती असंच काम करते. तिची बांधणीच तशी आहे. 1908 साली जेम्सने आपल्या निवडक साहित्याच्या आवृत्तीसाठी या गोष्टीला प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात ही युक्ती उघड सांगून टाकली. वाचकाच्या मनात वाईटाची चाहूल पुरेशी गडद करायची, एवढंच लेखकाचं काम. पुढे वाचकाचा स्वतःचा अनुभव, त्याची कल्पना, त्या मुलांबद्दल वाटणारी माया हेच सगळा तपशील पुरवतात. लेखकाला काही सांगत बसावं लागत नाही.

आणि खरोखरच त्याने काही सांगितलेलं नाही. तेरा प्रकरणं डोळ्यांपुढे आणा. आता भूत होऊन दिसणारा नोकर पीटर क्विंट जिवंतपणी त्या पोराला, माइल्सला, घेऊन तासन् तास हिंडायचा, पण त्याने पोराला काय शिकवलं? आधीची गव्हर्नेस मिस जेसेल घरी म्हणून गेली आणि परत आलीच नाही, ती मेली कशाने? माइल्सला शाळा परत का घेत नाही? एकाचंही उत्तर पानावर नाही. घरकाम बघणारी मिसेस ग्रोस बोलता बोलता थबकते, गव्हर्नेस तिचं वाक्य पुरं करते आणि आपल्याला वाटतं, आपल्याला समजलं. तुमच्या घराच्या भिंतीत कोनाडे असतीलच. ही गोष्ट तशी आहे. भिंत लेखकाने बांधलीय आणि कोनाडे रिकामे ठेवलेत. आपण जाता-येता हातात असेल ती वस्तू तिथे ठेवतो आणि मग ती आधीपासूनच तिथे होती असं समजून दचकतो.

मी ही पहिल्यांदा वाचली तेव्हा सासरे अंथरुणाला खिळलेले होते. घरात मी नवी. दोघे मोठे दीर मुंबईला, पैसे वेळेवर पाठवायचे, पण फिरकायचे नाहीत. मला त्या वाचनात भुतांची भीती वाटल्याचं आठवतच नाही. आठवतो तो संताप, लंडनला हार्ली स्ट्रीटवर आरामात राहणाऱ्या त्या मुलांच्या काकाचा. रात्री भांडी घासताना मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडायचे. पुढे मुलगी दहावीला असताना पुन्हा वाचली, तर काका डोळ्यांत भरलाच नाही. सगळं लक्ष त्या मुलांच्या गोड वागण्यावर, त्यामागे काय असेल यावर. पुस्तक तेच होतं. तेव्हा मीही एका रात्री मुलीच्या खोलीबाहेर उभी राहिले होते, तुमच्यासारखीच, श्वास धरून.

तर तुमच्या कोनाड्यात काय आहे? पत्रात तुम्ही माडीच्या जिन्याला एक वाक्य दिलंत आणि ‘हे एक वेळ चालेल’ म्हणून पुढे गेलात. डायरीतल्या शेऱ्याला चार वाक्यं दिलीत. मला वाटतं, तिथे ती डायरी आहे.

आता दुसरं आणि तिसरं प्रकरण पुन्हा काढा. गव्हर्नेस वीस वर्षांची आहे. गावाकडच्या गरीब पाद्र्याची सगळ्यांत धाकटी मुलगी, पहिलीच नोकरी. काकाची अट एकच. काहीही होवो, त्याला त्रास द्यायचा नाही. तक्रार नको, विनंती नको, पत्र नको, सगळं तिनेच निभवायचं. ती एसेक्समधल्या ब्लायच्या घरी पोहोचते न पोहोचते तोच माइल्सच्या मुख्याध्यापकांचं पत्र काकाकडून तिच्याकडे येतं. त्याने ते फोडलेलंसुद्धा नसतं. शाळा मुलाला परत घेणार नाही, कारण दिलेलं नाही. ती ते पत्र मिसेस ग्रोसपुढे धरते आणि तेव्हा तिच्या लक्षात येतं की या बाईला वाचता येत नाही. पत्राची घडी होते आणि ते खिशात परत जातं. मग मुलगा येतो. इतका लाघवी, की याने काही वावगं केलं असेल हे तिला पटतच नाही. मिसेस ग्रोस विचारते, शाळेला काय उत्तर देणार? काही नाही. काकाला? काही नाही. आणि खुद्द मुलाला? काहीच नाही.

तुमचं वाक्य मी इथे पुन्हा लिहिते. ‘मी शाळेत गेले नाही, भावाला कळवलं नाही, त्यालाही काही विचारलं नाही.’

बघा, क्विंट अजून मनोऱ्यावर दिसलेलाही नाही. तो दिसतो त्याच प्रकरणात, पण या तीन नकारांनंतर. माझ्या मते अख्ख्या गोष्टीत याहून भयंकर जागा नाही, आणि ती किती प्रेमळ दिसते! मिसेस ग्रोस तिच्या पाठीशी उभी राहते, दोघी एकमेकींचा मुका घेतात, आपल्यालाही बरं वाटतं. मुलावर विश्वास ठेवला असं तिला वाटतं. पण त्याला न विचारल्यामुळे तिच्यापाशी माहिती म्हणून काहीच उरत नाही, उरतो फक्त तर्क. पुढे ती त्याच्या हसण्यावरून तर्क करते, गप्प राहण्यावरून करते, पियानो वाजवण्यावरून, धाकट्या बहिणीशी प्रेमाने वागण्यावरूनही करते. शहाणं वागणं हाच पुरावा ठरायला लागला की मूल काहीही करो, सुटत नाही. ‘मला त्या शहाणपणाचीच धास्ती वाटते’ हे तुम्ही लिहिलंत तेव्हा तुम्ही तिच्याच वाटेने दोन पावलं गेला होतात. तिथून परत फिरणं अवघड नाही, म्हणून तर हे सगळं लिहितेय.

तीही रात्री वाचत बसायची, हे तुमच्या लक्षात आलंय का? नवव्या प्रकरणात ती मेणबत्त्यांच्या उजेडात जुनी कादंबरी वाचत असते, घर झोपलेलं, आणि एकदम तिला कसलीतरी हालचाल जाणवते. ती उठून जिन्याकडे जाते. त्याआधी चौथ्या प्रकरणात ती स्वतःलाच विचारते की ब्लायला काही गुपित आहे का, कुणी वेडा नातेवाईक कोंडून ठेवलाय का. हे प्रश्न तिला घराने विचारलेले नाहीत, तिने वाचलेल्या कादंबऱ्यांनी विचारलेत. जेम्स इतका बारकाईने पेरतो.

आपल्याकडच्या भुतांच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या बाईला ही गोष्ट इतकी का झोंबते, याचाही मी विचार केलाय. आपली भुतं बोलकी असतात. मुंजा पिंपळावर असतो, कारण त्याची मुंज झाली पण सोडमुंज राहिली. अलवंतीण बाळंतपणात गेलेली. ब्रह्मसमंध पुरलेल्या धनात नाहीतर राहिलेल्या इच्छेत अडकलेला. चकवा लागला तर रात्रभर फिरवेल, पण उजाडलं की सोडेल. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि मागणंही ठरलेलं. दहीभाताचा उतारा ठेवा, नारळ द्या, राहिलेला संस्कार पुरा करा. माझी आजी तिन्हीसांजेला मागचं दार लावताना काहीतरी पुटपुटायची, आणि ते झालं की आम्हा मुलांना खरोखर निर्धास्त वाटायचं. भुताशीसुद्धा व्यवहार करता येतो, हा आपल्या गोष्टींचा मोठा दिलासा आहे. ब्लायची भुतं एक शब्द बोलत नाहीत, काही मागत नाहीत. मनोऱ्यावर, खिडकीबाहेर, तळ्यापलीकडे नुसती उभी राहतात आणि बघतात. त्यांना मुलं हवी आहेत, हे आपल्याला सांगते ती गव्हर्नेस. म्हणजे मागणं कुणाचं, हेही एका माणसाच्या शब्दावर येऊन ठेपतं. नारळ कुणाला द्यायचा?

हे सगळं सांगतंय कोण, हे सतत लक्षात असू द्या. सुरुवातीच्या भागात नाताळच्या आदल्या रात्री जुन्या घरात शेकोटीभोवती माणसं जमलेली आहेत. डग्लस नावाचा गृहस्थ म्हणतो, भूत एका मुलाला दिसलं तर स्क्रूचा आणखी एक पीळ वाढतो, मग दोन मुलं असतील तर? पुस्तकाचं नाव तिथून आलंय. गव्हर्नेसने लिहिलेली वही त्याच्याकडे आहे, आणि ती जाऊन वीस वर्षं झालीत. डग्लस वाचून दाखवतो, आणखी कुणीतरी ती नकलून घेतो, ती नक्कल आपल्या हातात येते. जेम्सलाही ही कल्पना अशीच उडत उडत मिळाली. जानेवारी 1895 मध्ये, लंडनच्या रंगभूमीवर त्याच्या नाटकाची प्रेक्षकांनी हुर्यो उडवल्यानंतर आठवडाही झाला नव्हता, तेव्हा तो कँटरबरीचे आर्चबिशप बेन्सन यांच्या घरी गेला होता. मुलं नोकरांच्या ताब्यात सोडलेली, नोकर वाईट, ते मेल्यावर मुलांसाठी परत येतात, असं काहीतरी आर्चबिशपनी सांगितलं, तेही कुणाकडून तरी अर्धवट ऐकलेलं. दोन दिवसांनी जेम्सने ते वहीत टिपून ठेवलं. ऐकीव गोष्टीचा तो अर्धवटपणा त्याने पुढे गोष्ट लिहिताना भरून काढला नाही, जपला.

आता उरलेली अकरा प्रकरणं कशी वाचायची ते सांगते.

रात्री वाचू नका. 1898 साली ही गोष्ट एका अमेरिकन साप्ताहिकात जानेवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत बारा हप्त्यांत आली. पहिल्या वाचकांना दोन हप्त्यांमध्ये आठवडाभर मिळायचा. त्या आठवड्यात ते बाजारहाट करत असतील, पोरांना ओरडत असतील. तुम्ही तेरा प्रकरणं सलग रात्री, दिवसभराच्या थकव्यावर वाचलीत. पतसंस्थेत डबा खाल्ल्यावर अर्धा तास मिळत असेल तर तो घ्या, नाहीतर रविवारी सकाळी सोप्यात बसा. एका वेळी एकच प्रकरण.

मोठ्याने वाचा. जेम्सच्या मनगटाला त्रास होता, त्यामुळे त्या काळात तो टंकलेखकाला सांगून लिहवून घ्यायला लागला होता. ही गोष्टही त्याने अशीच खोलीत येरझारा घालत बोलून सांगितली. ती लांबच लांब, फांद्या फुटलेली वाक्यं डोळ्यांना गुंतागुंतीची वाटतात, पण तोंडाने वाचली की कुठे थांबायचं ते कळतं. गाइडने जे दोन पानांत समजावलंय ते कित्येकदा एका नीट घेतलेल्या विरामात समजतं. शिवाय स्वतःचा आवाज खोलीत असला की कुजबुज ऐकू येत नाही.

हातात दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. तिने जे पाहिलं वा ऐकलं त्याखाली निळी रेघ, तिने जे ठरवलं त्याखाली लाल. नमुन्यादाखल सहाव्या प्रकरणाचा शेवट घ्या. तळ्याच्या काठी माइल्सची धाकटी बहीण फ्लोरा खेळतेय. पलीकडे कुणीतरी आहे असं गव्हर्नेसला वाटतं. ती फ्लोराकडे बघते. फ्लोरा पाण्याकडे पाठ करून आहे, गप्प झालीय, आणि लाकडाचा एक चपटा तुकडा घेऊन त्याच्या भोकात दुसरी काडी बसवून होडीची डोलकाठी करतेय. निळी रेघ एवढ्यालाच. सातव्या प्रकरणात ती मिसेस ग्रोसला जाऊन सांगते की फ्लोराने पाहिलं आणि मुद्दाम लपवलं. हे सगळं लाल. सात-आठ वर्षांचं मूल काडी बसवताना गप्प होतं. तुमची भाची रंगवायला बसली की बडबड करते का ते बघा. मी एका वर्षी कॉलेजच्या मुलींकडून हा खेळ करून घेतला होता. काही पानं जवळजवळ पूर्ण लाल झाली आणि वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही.

पण लाल म्हणजे खोटं, अशी घाई करू नका. पाचव्या प्रकरणात तिने खिडकीत पाहिलेल्या माणसाचं वर्णन केलंय. टोपी नाही, लालभडक कुरळे केस, फिकट लांबट चेहरा, अंगावर दुसऱ्याचे कपडे. एवढ्यावरून मिसेस ग्रोस क्विंटला ओळखते, आणि क्विंट मेलाय हे गव्हर्नेसला तोवर माहीतही नाही. मग कधीही न पाहिलेल्या माणसाचं वर्णन तिने केलं कसं? भुतं खरी मानणाऱ्यांचा हा सगळ्यांत भक्कम मुद्दा आहे. उलट बाजूचा मुद्दा असा की भूत दिसल्याचं सांगते ती एकटी गव्हर्नेस. 1924 साली एडना केंटन यांनी आणि 1934 साली एडमंड विल्सन यांनी ही दुसरी बाजू मांडली, विल्सननी तर मानसशास्त्राचा आधार घेऊन. तेव्हापासून समीक्षकांत दोन तट आहेत. तुमचं गाइड म्हणूनच दोन्ही लिहितं. परीक्षेत ‘भुतं आहेत’ किंवा ‘नाहीत’ असं ठोकून देऊ नका. तुमच्या निळ्या-लाल रेघा उत्तरात उतरवा. प्रकरण क्रमांक द्या, तिने काय पाहिलं, काय ठरवलं, ते ठरवताना कोणता प्रश्न विचारायचा टाळला, हे लिहा. परीक्षकाच्या हाती गाइडमधली तीच ती उत्तरं येत असतात, तुमचं वेगळं उठून दिसेल.

माझं स्वतःचं मत विचाराल तर जेम्सने दार मुद्दाम अर्धवट उघडं ठेवलंय, आणि ते लावायच्या मागे लागलं की गोष्ट हातातून जाते. भुतं खरी धरली तरी त्या दोन मुलांशी कुणी सरळ बोललं नाही, ही गोष्ट बदलत नाही. भास धरले तरी बदलत नाही.

चौदाव्या प्रकरणात काय आहे तेवढं सांगते, त्यापुढचं नाही. रविवारची सकाळ आहे. स्वच्छ ऊन, रात्री थोडा गारठा पडून गेलेला. सगळे चर्चला निघालेत. माइल्स तिच्या शेजारून चालतोय, फ्लोरा आणि मिसेस ग्रोस पुढे. आणि चालता चालता माइल्सच विषय काढतो, मी शाळेत परत कधी जायचं? दिवसाढवळ्या, घंटांच्या आवाजात, सरळ प्रश्न. तिला तिथल्या तिथे काय होतं ते तुम्हीच वाचा. मी एवढंच म्हणेन की आपल्या घरात तो प्रश्न पोरावर विचारायची वेळ येऊ देऊ नका. म्हणजे आधी घरातलं काम उरका, मग चौदावं उघडा.

भाच्याला समोर बसवून चौकशी करू नका. तुम्ही दोघं कामात असताना, शेंगा सोलताना म्हणा किंवा सायकलची चेन बसवताना, सरळ सांगा, ‘डायरीतला शेरा मी पाहिलाय. दोन आठवडे झाले, मी तुला विचारलं नाही, ते माझं चुकलं.’ आधी स्वतःची चूक सांगा, म्हणजे त्याला आपली झाकायची गरज कमी वाटेल. मग थांबा. तो गप्प राहिला तर त्या गप्प राहण्याचा अर्थ लावू नका. 11 वर्षांचं पोर आई-बाप समुद्रापलीकडे असताना आत्याला त्रास नको म्हणूनही शेरा लपवतं. त्याच्या शहाण्या वागण्यामागेही बहुधा हेच असेल, आपण त्रास दिला तर आपल्याला इथेही ठेवणार नाहीत ही काळजी. हा माझाही तर्कच आहे, लाल रेघेचा. खरं काय ते तोच सांगेल, नाहीतर त्याच्या बाई सांगतील. शेरा फी किंवा सहलीच्या पैशांचाही असू शकतो.

मग शाळेत जाऊन बाईंना भेटा आणि त्याच दिवशी भावाला फोन करा. मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. रात्री साडेनऊला केलात तर तिकडे आठ वाजलेले असतील, दोघंही घरी असतील. ‘बारीकसारीक गोष्टींसाठी फोन करू नकोस’ हे तो जाताना बोलला ते विमान गाठायच्या घाईत, मनातली कालवाकालव दाबत बोलला असेल. तो हार्ली स्ट्रीटवरचा काका नाही, त्या मुलांचा बाप आहे. ‘शाळेचा शेरा बारीकसारीक आहे का ते तू आणि वहिनी ठरवा, मी एकटी ठरवणार नाही’ असं त्याला स्पष्ट सांगा. आठवड्यातून एक ठरलेला वार घ्या, त्या दिवशी मुलं झोपल्यावर तुम्ही मोठे तिघं बोला. तुम्हालाही कुणीतरी लागतं. गव्हर्नेसपाशी मिसेस ग्रोस होती, ती प्रेमळ होती, पण प्रत्येक गोष्टीला मान डोलवायची. तुम्हाला ‘अगं, जरा थांब’ म्हणणारं माणूस हवंय. वहिनी ते करू शकेल असं तुमच्या पत्रावरून वाटलं, का ते नीट सांगता येणार नाही.

राहिली माडी. बाबा गेल्यापासून बंद, असं तुम्ही लिहिलंत. कधी गेले ते लिहिलं नाहीत, आणि मी विचारतही नाही. येत्या रविवारी सकाळी मुलांना घेऊन वर जा. खिडक्या उघडा, झाडून काढा, बाबांच्या ज्या वस्तू ठेवायच्या त्या ठेवा, मुलांना त्यांच्या आजोबांच्या गोष्टी सांगा. जमलं तर तुमचं अभ्यासाचं टेबल तिथेच खिडकीपाशी लावा.

शाळेत जाताना डायरी बरोबर घेऊन जा. शेऱ्याखाली पालकांची सही राहिली असेल.

तुमची,
काकू